मदत हवी आहे: वायूच्या नियमात गेज दाब (वातावरणापेक्षा जितका जास्त तितकाच) की निरपेक्ष दाब (वातावरणासह एकूण)?

घट्ट बंद टाकीतील हवा ३०० केल्विनला असताना दाबमापकावर २ बार दिसतात. ती ४०० केल्विनपर्यंत तापवल्यास काटा कुठे थांबेल, हे मी काढत होतो. २ ला थेट ४/३ ने गुणले तर २.६७ बार येतात, पण वातावरणाचे १.०१३ बार आधी मिळवून, मग गुणून, शेवटी वजा केले तर सुमारे ३ बार येतात. दुसरी रीत योग्य, हे मान्य आहे (पहिली म्हणजे केल्विनऐवजी सेल्सिअस वापरण्यासारखीच चूक असावी). मात्र मिळवलेली संख्याच पुन्हा वजा करायची असताना तिचा परिणाम शून्य का होत नाही, हे कोणी समजावून सांगेल का? शिवाय उंचावर १.०१३ ऐवजी तिथला प्रत्यक्ष वातावरणीय दाबच घ्यावा लागेल ना?