वर मीडियम, खाली एक्सएल – स्विमिंग कॉस्च्यूम कोणता घेऊ?

पाणकोंबडी: मैत्रिणींनो, एप्रिलपासून पोहायला जायचंय पण कॉस्च्यूमच मिळेना. छाती ३४, हिप्स ४२ आणि धड लांब. हिप्सच्या मापाने घेतला तर गळा ढगळ, वाकलं की सगळं दिसतं, आणि वरच्या मापाने घेतला तर खांद्यावर पट्टे रुतून लाल वळ उठतात. फार अवघडल्यासारखं होतं, काय करू?

नीलकमळ: अगं सेम माझं! वन पीस सोड, टँकिनी टॉप (पोहायचा वेगळा, लांब टॉप) आणि खाली शॉर्ट्स घे, दोन्हींची साइज वेगवेगळी घेता येते. टॉपच्या खालच्या कडेला इलॅस्टिक हवं हां, नाहीतर पाण्यात फुगून वर येतो.

सुमनमावशी: बाळा, पट्टे रुततात म्हणजे उंची कमी पडतेय. टेप खांद्यावरून पुढून, पायांमधून मागे नेऊन परत त्याच खांद्याला आण आणि ते माप साइज चार्टमध्ये बघ, लाँग टॉर्सो म्हणजे लांब धडाचे कॉस्च्यूम वेगळे मिळतात. कोरडा असताना घट्टच बसायला हवा, पाण्यात सैलावतो. रोज जाणार असलीस तर पीबीटी पॉलिस्टर या टिकाऊ कापडाचा घे, क्लोरीनने लायक्रा (नेहमीचं ताणणारं कापड) लवकर ढिला पडतो.

पाणकोंबडी: मावशी, माप १६८ सेंमी आलं! आजवर कोणी हे सांगितलंच नव्हतं, मी आपली वजनालाच दोष देत बसले होते.