दापोली ते कन्याकुमारी सायकलने, मुलांना घेऊन: सागरी रस्ता की हायवे?

दापोलीचे_चौघं:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, मी, बायको, मुलगा 12 वर्षांचा आणि मुलगी 7 ची, कन्याकुमारीपर्यंत सायकलने जायचं ठरवतोय. दोन वर्षं दर रविवारी कर्दे, आंजर्ले असं फिरतो, एकदा केळशीला मुक्काम करून आलो आणि तेव्हापासून पोरगा पाठच सोडत नाहीये की बाबा आता खूप लांब जाऊया. हायवे 66 पनवेलहून थेट कन्याकुमारीलाच जातो, साधारण 1600 किमीचा आहे, म्हणजे रस्ता चुकायचं टेन्शन नाही, पण मुलांना घेऊन त्या गाड्यांमधून जायची भीती वाटते. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं आणि थोडी शाळा बुडवायची असा विचार आहे, रोज 60 किमी धरलेत. धाकटी स्वतःची छोटी सायकल चालवते. कोणी मुलांसोबत केलंय का असं? गोव्यापर्यंत किनाऱ्याने जावं का?

खाडीपल्याड:
दादा, किनाऱ्यानेच जा, पण 60 विसरा. आम्ही मुलगा 10 वर्षांचा असताना गुहागर ते मालवण केलं. नकाशात रस्ता समुद्राला चिकटून दिसतो पण प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला खाली उतरायचं, पलीकडे गेलं की पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर चढायचं आणि सड्यावर सावलीला एक झाड नाही, नुसता जांभा तापलेला. पूर्णगडपासून पुढे तर दिवसभर हेच चालू. आमचे 35 झाले की त्या दिवशी आम्ही खूश असायचो.

दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन जेट्टी तुम्हाला लागतील, फेरीबोटीत सायकली सहज चढतात, मुलांना तर तोच सगळ्यात आवडता भाग. फक्त शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. आम्ही तवसाळला अंधार पडल्यावर पोचलो, फेरी बंद, मुलगा भुकेने रडवेला झालेला, शेवटी एका घरातल्या काकूंनी गरम भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं आणि ओटीवर झोपायला जागा दिली. ते जेवण मी जन्मात विसरणार नाही. पण चूक आमचीच, निघायलाच उशीर केला होता.

जयगडला उतरल्यावर निवळीच्या रस्त्याला जाऊ नका, तिथे बंदराचे ट्रक असतात, मालगुंडवरून गणपतीपुळे, मग आरे-वारे करत रत्नागिरी. खाली रेडीपर्यंत आलात की तेरेखोलहून फेरीने गोव्यातल्या केरीला.

अजून एक, उत्तरेकडून दक्षिणेला जाताय ते बरंय. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वायव्येकडून येतो, बऱ्याचदा पाठीशी मिळतो. अर्थात दुपारी ऊन असतंच, त्यामुळे पहाटे उजाडताच निघायचं आणि अकराच्या आत टेकायचं.

सड्यावरची_आई:
वहिनींना काय वाटतंय ते लिहिलं नाहीत, त्यांनाही विचारा हं. मी दोन मुलींना घेऊन फिरते म्हणून सांगते, वेग सगळ्यात लहान मुलाचा धरायचा, मोठ्यांचा नाही. सात वर्षांच्या मुलीने स्वतःच्या सायकलवर सडा चढायचा म्हणजे तिसऱ्या दिवशी तिला सायकलच नकोशी होईल. तुमच्या सायकलच्या मागे जोडायची एकचाकी अर्धी सायकल मिळते, त्यावर मुलगी पेडल मारू शकते, दमली तर नुसती बसते, तशी सायकल बघा. आणि आधी घरीच परीक्षा घ्या. दापोली समुद्रसपाटीपासून 800 फुटांवर आहे, सगळं सामान लादून आसूदवरून हर्णैला उतरा आणि त्याच दिवशी परत चढून या. पोरं संध्याकाळी हसत असतील तर निघा.

दर तीन दिवसांनी एक दिवस सायकलला हात लावायचा नाही, नुसतं वाळूत खेळायचं. आणि खाऱ्या हवेत चेन फार लवकर गंजते, रोज रात्री पुसून तेल.

रेल्वेप्रेमी_कुडाळ:
एकदम कन्याकुमारी कशाला? रोज 35-40 ने एवढं अंतर म्हणजे महिन्याच्या वर, तेही सुट्टीचे दिवस न धरता. आणि नोव्हेंबरमध्ये केरळात, कन्याकुमारीकडे परतीचा पाऊस असतो, दिवाळीला निघालात तर पुढे भिजणार. टप्पे करा. या दिवाळीत मडगावपर्यंत, तिथून कोकण रेल्वेने घरी, खेडला उतरा. पुढच्या सुट्टीत परत मडगावहूनच सुरुवात. सायकली पार्सलमध्ये बुक होतात, नाव-पत्ता नीट बांधा, गाडीच्या बऱ्याच आधी पोचा. फक्त दोन मिनिटं थांबणारं स्टेशन टाळा, खेडला पार्सल उतरवतात का तेही आधी विचारून घ्या, नाहीतर रत्नागिरी.

दापोलीचे_चौघं:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आसूदवरून हर्णै करून आलो. धाकटी चढावर दोनदा बसली, शेवटचा टप्पा मी तिची सायकल ढकलत आणली, त्यामुळे ती अर्धी सायकल घेणारच. बायको म्हणाली मडगावपर्यंतच, आणि रोज 30. मुलगा थोडा हिरमुसलाय पण रेल्वेतून सायकल न्यायची म्हटल्यावर खुलला. खाडीपल्याड, तवसाळच्या त्या काकूंचं घर जेट्टीपासून कुठल्या बाजूला? जाताना त्यांना भेटायचंय, आमच्या झाडाचे नारळ देऊ.

खाडीपल्याड:
जेट्टीकडे तोंड केलंत की डावीकडची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, वर विहिरीजवळचं घर. माझा नमस्कार सांगा.