बाबासाहेबांचं लंडनमधलं घर: वारसा कशात?

‘अशी व्हिक्टोरियन विटांची घरं लंडनमध्ये गल्लोगल्ली आहेत, याच एका घराचं काय एवढं?’ असं बाबासाहेबांच्या लंडनमधल्या घराबद्दल कुणीतरी म्हटलंय. वास्तुकलेपुरतं मान्य. पण १० किंग हेन्रीज रोडला १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहायचे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. विद्यार्थ्याचं बिऱ्हाड ते, महालासारखं कसं असेल?

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं खरं, पण त्याचं संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, परवानगी नाकारली. कारण काय, तर राहती जागा कमी होते! (घरटंचाई तिथेही आहेच म्हणा.) प्रकरण अपिलात गेलं, जाहीर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी मंजुरी दिली.