घरचे वकील भावंडांच्या भांडणात एकाची बाजू घेऊ शकतात का?

रामबागकर:
सासऱ्यांचा इंदूरला रामबागेत जुना वाडा आहे. घरची सगळी कोर्टकामं वर्षानुवर्षं एकाच वकिलांकडे. भाडेकरूंचे दावे झाले, माझ्या बायकोच्या प्लॉटची रजिस्ट्री झाली, शेवटी सासऱ्यांचं मृत्युपत्रही त्यांनीच केलं. बायको त्यांना काका म्हणते. सासरे गेल्यावर वाड्यावरून भावंडांचं बिनसलं, आणि आता थोरल्या मेव्हण्याच्या वतीने बायकोला नोटीस आली आहे. खाली सही काकांची! तिच्या प्लॉटचे कागद अजून त्यांच्याच कपाटात आहेत. कायद्यात बसत असेलही, पण ज्याने सगळ्या घराचं काम केलं त्याने घर फुटल्यावर बाजूला व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नाही पटत तर सांगा.

काळा कोट:
नाही पटत. इंदूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करतो म्हणून बोलतो. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था, तिचा नियम ३३ असा, की दाव्यासंबंधी ज्याला सल्ला दिला, ज्याच्यासाठी कैफियत लिहिली किंवा ज्याच्यातर्फे तो उभा राहिला, त्याच्या प्रतिपक्षाचं काम वकिलाने घ्यायचं नाही. हा निर्बंध त्या प्रकरणापुरता धरतात. वहिनींच्या प्लॉटचा आणि वाड्याचा काय संबंध? एकदा रजिस्ट्री करून दिली म्हणून जन्मभर त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं नाही? मग चतुर पक्षकार गावातल्या चार नामांकित वकिलांकडे जाऊन थोडी थोडी फी देऊन सल्ला घेईल आणि समोरच्याला चांगला वकील उरणारच नाही. ही युक्ती खेळणारे लोक आहेत. मी पाहिलेत.

हिशेबनीस:
युक्ती खेळणाऱ्यांचं सोडा, इथे ती कोणी खेळलेलं नाही. प्रकरण एक की दोन, यापेक्षा त्या वकिलांना काय माहीत आहे ते महत्त्वाचं. ताईंवर कर्ज किती, नवऱ्याच्या धंद्याची स्थिती काय, किती रकमेवर त्या गप्प बसतील, हे सगळं त्यांनी काका समजून सांगितलं असणार. वकिलाला व्यवसायात कळलेली गोष्ट पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही आणि काम संपलं तरी हे बंधन राहतं. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ मध्ये आहे. पण उघड न करता वापरली तर? उलटतपासणीत नेमका कुठे बोट घालायचं हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला काही उघड करावं लागतच नाही.

काळा कोट:
त्यासाठी नियम २४ आहे, पक्षकाराच्या विश्वासाचा गैरफायदा घ्यायचा नाही. पण गैरफायदा घेतला हे दाखवावं लागेल. ‘घेऊ शकतील’ एवढ्यावर वकील बाद होत नाही.

हिशेबनीस:
आणि ते दाखवायचं कसं? ताईंच्या मनातलं कोणी कोणाला कधी सांगितलं, याची पावती मिळते का? जी गोष्ट सिद्धच करता येत नाही, तिथे दूर राहण्याची जबाबदारी ज्याच्याकडे माहिती आहे त्याची.

काळा कोट:
रामबागकर, एक सांगा. मृत्युपत्रावर साक्षीदार कोण आहेत?

रामबागकर:
एक घरचे डॉक्टर. दुसरे काका स्वतः. त्याचाच वाद आहे, वाड्याचा रस्त्याकडचा भाग सगळा दादाला लिहिलाय.

काळा कोट:
मग काम सोपं झालं. ज्या प्रकरणात आपल्याला साक्ष द्यावी लागेल असं वाटण्यास कारण आहे, ते घ्यायचंच नाही, नियम १३. मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक साक्षीदार कोर्टात आणावा लागतो. दादा डॉक्टरांना पुढे करतील म्हणा, पण सासरे तेव्हा भानावर होते का, कोणाच्या दबावाखाली होते का, असा प्रश्न उठला की काकांनाही पिंजऱ्यात बोलावता येतं. त्यांनी वकीलपत्र घेऊ नये. मात्र हे त्यांच्या साक्षीमुळे. घरचे वकील म्हणून बाद, हे मला अजूनही मान्य नाही.

सुदामानगर:
दोन्ही बाजूंना एक वकील म्हणजे पाप, असा सूर लागलाय म्हणून विचारते. राजीखुशीच्या घटस्फोटात काय? आमच्या नात्यातल्या मुलीने आणि जावयाने एकच वकील केला. हिंदू विवाह कायद्याच्या १३ब खाली अर्जच दोघांचा एकत्र असतो, प्रतिपक्ष कुठून आला? दोन वकील म्हणजे दोन फी, आणि दोघांपैकी एक तरी आग लावणार.

हिशेबनीस:
अर्ज एकत्र, हित एकत्र नाही. पोटगीची रक्कम, मुलांचा ताबा, दागिने, हे ठरवताना वकील कोणाला म्हणणार, ‘एवढ्यावर मान्य करू नका’? दुसऱ्या अर्जाआधी साधारण सहा महिने असतात, त्यात कोणीही संमती मागे घेऊ शकतं. घेतली की दोघं समोरासमोर. मग ते वकील कोणाचे?

सुदामानगर:
कोणाचेच नाहीत. दोघांनी नवे करावेत. बहुतेकांवर ती वेळ येत नाही, आणि ज्यांच्याकडे एका फीचेच पैसे आहेत त्यांना तुमचा आदर्श महाग पडतो.

निवृत्त नाझर:
रामबागकर, पुढचं सांगतो. तक्रार करायची झाली तर जबलपूरला राज्य बार कौन्सिलकडे, अधिवक्ता कायदा १९६१, कलम ३५. वर्षभरात निकाल लागला नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. ग्राहक मंचाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये वकिलांपुरता बंद केला. पण एवढी घाई नको. आधी काकांना साक्षीचा मुद्दा लिहून पत्र द्या आणि कागद परत मागा. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवता येत नाही. सन २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, आपल्याच मध्य प्रदेशातल्या राज्य सहकारी बँकेच्या फायलींवरून लागलेला.

रामबागकर:
बायको म्हणते जबलपूर नको, ज्यांच्या हातून शाळेत असताना पेढे खाल्ले त्यांची सनद घालवायची नाही. पत्राला तयार आहे. कागद आणायला मी जाईन. त्यांत एक हक्कसोडपत्राचा मसुदाही आहे, सासरे असताना काकांनी तिच्यासाठी केलेला.

काळा कोट:
हे आधी सांगायचं होतं! वाड्याचं असेल तर नियम ३३ सरळ लागू होतो, याच मालमत्तेबाबत त्यांनी वहिनींचं काम केलंय. मसुद्यावर वहिनींची सही आहे का ते बघा. नोंदणीशिवाय त्याने हक्क सुटत नाही, पण समोरचे तो पुढे करणारच. कागद घेताना यादी करा, प्रत्येक ओळीपुढे त्यांची सही घ्या.