फुग्यांवर अजून एक कोट नको
समुद्राजवळच्या भिंतीला जाड वॉटरप्रूफ रंग मारूनही वर्षभरात फुगे आले, आता अजून एक कोट मारू का असं एकाने विचारलंय. नका मारू! एक फुगा नखाने फोडून बघा, मागे ओल किंवा पांढरी पावडर दिसली तर पाणी भिंतीत शिरतंय, तड्यातून, गच्चीच्या कठड्यातून, खिडकीच्या कडेने, कुठूनही, आणि तो रबरासारखा रंग त्याला बाहेर पडू देत नाहीये. आधी ती वाट बंद करा, पोपडे खरवडा, पावडर म्हणजे क्षार, ते सुक्या ब्रशने झाडा नि मग गोड्या पाण्याने भिंत धुवून नीट वाळू द्या, कारण खाऱ्या वाऱ्याने मीठ बसतंच आणि मिठावर रंग धरत नाही. काळे डाग असतील तर ब्लीचचा थेंब लावा, फिकट पडला तर बुरशी, नाहीतर बहुतेक धूळ. बुरशीवर थेट रंग म्हणजे पैसे पाण्यात. नवीन प्लास्टर असेल तर साधारण २८ दिवस थांबायचं, मग अल्कली (सिमेंटमधला तीव्र क्षार) सोसणारा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, आणि वाफ बाहेर सोडणारं अ‍ॅक्रिलिक इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग. आणि हो, संध्याकाळी उशिरा रंगवू नका, ओल्या कोटवर दव पडलं की चिकट ओघळ येतात.