मदत हवी आहे: ग्वाटेमाला, १० दिवस, चौघे मित्र. आधी ज्वालामुखी की आधी तिकाल?

लाल_डबा:
आम्ही चौघे कॉलेजचे मित्र, सध्या ह्यूस्टनला. २८ मार्च ते ६ एप्रिल २०२६ ग्वाटेमाला, पाठीवर सॅक टाकून. अँटिग्वा शहर, अकातेनांगो ज्वालामुखी, आतित्लान तलाव, सेमुक चाम्पेची नैसर्गिक कुंडं आणि तिकालचे प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष एवढं बघायचंय. आधी अकातेनांगो चढावा की आधी तिकालला जाऊन यावं? विमानाची तिकिटं काल रात्री काढली. बाकीचं बुकिंग आज रात्रीच करायचंय, त्यामुळे लवकर सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, दोन दिवस तेच करतोय.

कातळ:
राहायची सोय झाली का? ५ एप्रिलला ईस्टर आहे. त्याआधीचा आख्खा आठवडा अँटिग्वात सेमाना सांताच्या मिरवणुका असतात. लोक रात्रभर जागून रंगवलेल्या लाकडी भुशाचे गालिचे रस्त्यावर घालतात आणि सकाळी मिरवणूक त्यावरून जाते. बघण्यासारखं आहे, पण खोल्या कित्येक महिने आधी भरतात.

लाल_डबा:
खोली नाही घेतली अजून. बघतो. पण प्रश्न क्रमाचा आहे.

घसारावेडा:
आधी अकातेनांगो, पण विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी नको. अँटिग्वा साधारण १,५०० मीटरवर आहे, तिथे दोन रात्री काढा. शिखर ३,९७६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी खालीच राहतील. शेवटच्या टप्प्यात नुसती राख आणि बारीक खडी. आपल्याकडच्या घसाऱ्यासारखं, दोन पावलं वर टाकली की एक खाली. काठी भाड्याने मिळते, घ्याच. रात्री थंडी शून्याच्या आसपास जाते.
मी मुक्कामाच्या तंबूत झोपलो होतो. समोरच्या फुएगो या जागत्या ज्वालामुखीवर आधी लाल कारंजं दिसतं, आवाज काही सेकंदांनी येतो आणि मग पाठीखालची जमीन थरथरते. रात्रभर थोड्या थोड्या वेळाने हेच. झोप लागली नाही, लागायला नकोच होती.
एक विनंती. मुक्कामावरून थेट फुएगोच्या धारेवर न्यायचा जादा ट्रेक विकतात. तो घेऊ नका. ३ जून २०१८ ला याच फुएगोने पायथ्याचं सान मिगेल लोस लोतेस हे गाव राखेखाली गाडलं.

रानवाटा:
धारेवर मी गेलेय, गाइड चांगला असेल तर काही होत नाही. सरसकट घाबरवू नका. आणि तिकालसाठी एवढी धावपळ कशाला? यशहाला जा. तळ्याकाठचे माया अवशेष, संध्याकाळी मंदिरावर मोजकी माणसं. नाहीतर होंडुरासमधलं कोपान, सरहद्दीपासून जवळच. तिथल्या जिन्यावर २,००० हून जास्त चित्राक्षरं कोरलेली आहेत, मायांचा तो सर्वांत लांब शिलालेख.

घसारावेडा:
'मला काही झालं नाही' हा सल्ला होत नाही, ताई. डोंगर रोज तोच नसतो.

कातळ:
पहिल्यांदा जाणाऱ्याने तिकाल सोडू नये. चार नंबरच्या मंदिरावरून जंगलातून वर आलेली बाकीची शिखरं दिसतात. पहाटे बऱ्याचदा धुकंच असतं, पण त्या धुक्यात हाऊलर माकडं ओरडायला लागली की अंगावर काटा येतो.

साधं_वरण:
शाकाहारी आहात का? काळ्या घेवड्यात पुष्कळदा डुकराची चरबी असते. 'सिन मांतेका' म्हणजे चरबी नको, एवढं पाठ करा. रेयेनितोस जरूर खा, शिजवलेल्या केळ्याच्या आवरणात गोड घेवडा भरून तळतात. माझ्या आईला पुरणासारखं वाटलं.

लाल_डबा:
आम्ही सगळं खातो. सेमुक चाम्पे बसवायचं कसं?

कातळ:
नाही बसत. अँटिग्वाहून त्याच्या जवळच्या लांकीन गावाला पोचण्यातच दिवस जातो. ते सोडा. अँटिग्वा, अकातेनांगो, मग आतित्लानला दोन रात्री, शेवटी विमानाने फ्लोरेस आणि तिथून तिकाल. आतित्लानवर होडीने फिरायचं ते सकाळीच, दुपारनंतर शोकोमिल वारा सुटतो.

पासपोर्टकाका:
चौघांचे पासपोर्ट कुठले? विमान कुठे बदलताय?

लाल_डबा:
दोघे अमेरिकन नागरिक. मी ग्रीन कार्डवर, एक जण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय. विमान एल साल्वादोरमधल्या सान साल्वादोरला बदलतं, तेच सर्वांत स्वस्त होतं. याचा क्रमाशी काय संबंध?

पासपोर्टकाका:
आधी तिकिटं थांबवा. एल साल्वादोर ऑक्टोबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांकडून १,००० डॉलर अधिक कर, म्हणजे १,१३० डॉलर घेतं, नुसतं विमान बदलायचं असलं तरी. तुम्हा दोघांचे २,२६० झाले. काल रात्री काढलीत ना? अमेरिकेतून निघणारं तिकीट, प्रवासाला सात दिवसांहून जास्त अवकाश असेल, तर २४ तासांत फुकट रद्द करता येतं. आत्ता करा.
दुसरं, एच-१बीवाल्या मित्राच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प कधीपर्यंत आहे? आय-७९७ हे मंजुरीचं पत्र नव्हे, स्टॅम्प.

लाल_डबा:
तिकिटं रद्द केली, तासभर उरला होता. पैसे परत येतील म्हणाले. खरंच आभारी आहे, काका.
स्टॅम्प गेल्या वर्षी संपलाय. पण मुदतवाढ मंजूर आहे, आय-७९७ हातात आहे.

रानवाटा:
मग चालतं की. माझा भाऊ संपलेल्या स्टॅम्पवर टोरांटोला जाऊन आला.

पासपोर्टकाका:
टोरांटो चालतं, ग्वाटेमाला नाही. संपलेल्या स्टॅम्पवर अमेरिकेत परतायची ती सवलत कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, तीही ३० दिवसांच्या आत परतलात तर. ग्वाटेमालाहून परतताना त्याला विमानात घेणार नाहीत. मुळात आपल्या पासपोर्टवर ग्वाटेमालात शिरायलाही अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड दाखवावं लागतं, नाहीतर त्यांचा वेगळा.

रानवाटा:
हे माहीत नव्हतं. मग मेक्सिकोत पालेंके करा, तेही मायांचंच.

पासपोर्टकाका:
मेक्सिकोही चालू व्हिसाच बघतं. त्याला मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल.

लाल_डबा:
आत्ताच चौघे बोललो. तो म्हणतो, तुम्ही तिघे जा. आम्ही नाही जाणार. पहिल्या वर्षी राजमाचीला चौघे गेलो होतो, तेव्हापासून एकही ट्रिप तिघांची झाली नाही. तो उन्हाळ्यात मुंबईला जाऊन स्टॅम्प करून येईल. नोव्हेंबर कसा असतो?

कातळ:
उत्तम, पाऊस ओसरलेला असतो. १ नोव्हेंबरच्या आधी पोचा. त्या दिवशी सुम्पांगोला लोक बांबू आणि पातळ कागदाचे घराएवढे पतंग उभे करतात, गेलेल्या माणसांच्या आठवणीत. अँटिग्वाहून जवळ आहे. पण खोली आत्ताच बघून ठेवा.

घसारावेडा:
आणि त्यानंतर दोन दिवसांनी अकातेनांगो. तोवर दर शनिवारी जिने चढा, ह्यूस्टनला डोंगर नाही.