मुंबईत माजी सैनिकांसाठी उपनगरात आणखी पॉलिक्लिनिक हवीत की खासगी हॉस्पिटलची यादी वाढवली तर पुरे? (चर्चा)

दहिसरकर: बाबा ७९ वर्षांचे, पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त. मागच्या मंगळवारी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकला नेलं, पहाटेची लोकल, मग बस, मग रांग. कार्ड मशीनला लावलं, एमओ (मेडिकल ऑफिसर) मॅडमनी नीट तपासलं, पण डोळ्यांचा डॉक्टर तिथे नाही म्हणून रेफरल दिला आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी खासगीत जा. औषधांच्या खिडकीवर पाचातल्या दोन गोळ्यांपुढे 'एनए' चा, म्हणजे उपलब्ध नाही असा शिक्का. बाबा काही बोलले नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल फक्त छातीशी धरून बसले. मला ते बघवलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, बोरिवलीच्या पुढच्या पट्ट्यात स्वतंत्र पॉलिक्लिनिक पाहिजे आणि तिथे डोळे, हाडं, हृदय यांचे स्पेशालिस्ट ठरलेल्या वारी तरी बसले पाहिजेत.

गिरणगावकर: भाऊ, त्रास खरा आहे पण उपाय पटत नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये ही योजना आली त्याआधी निवृत्त माणसाची मोठी ऑपरेशनं म्हणजे घरावर कर्ज. माझ्या सासऱ्यांची बायपास योजनेच्या यादीतल्या खासगी हॉस्पिटलात झाली, एक रुपया भरला नाही. नवीन इमारत बांधाल, आणि आत बसणार कोण? पॉलिक्लिनिकमधला बहुतेक स्टाफ कंत्राटी, चांगला डॉक्टर जास्त पगार मिळाला की जातो. त्यापेक्षा हॉस्पिटलांची बिलं वेळेवर द्या. दर सीजीएचएसचे (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), म्हणजे आधीच कमी, त्यात पैसे अडकले की हॉस्पिटलवाले कार्ड बघून बेड नाही म्हणतात. माझ्या मते खरा घोळ इथेच आहे.

दहिसरकर: बायपास आयुष्यात एकदा हो, बीपीची गोळी रोज. दर महिन्याच्या औषधासाठी म्हाताऱ्या माणसाने अर्धी मुंबई ओलांडायची का? आणि इमर्जन्सीत रेफरल लागत नाहीच, थेट ॲडमिट होता येतं, मग हॉस्पिटलने ४८ तासांत कळवायचं. म्हणजे पॉलिक्लिनिकचं खरं काम रोजचंच आहे, तेच जवळ नाही.

परिचारिका_ताई: मी पालिकेच्या उपनगरातल्या एका रुग्णालयात २२ वर्षं आहे, म्हणून बोलते. आमच्याकडे पण हेच. उपनगरातल्या रुग्णालयात स्पेशालिस्ट नसला की पेशंट केईएम, सायन, नायरला, आणि तिथे जमिनीवर गाद्या. नुसता दवाखाना जवळ आणून भागत नाही, चिठ्ठी लिहिणारा एक टेबल वाढतो फक्त. पण गिरणगावकर, इमारतीची भीती घालू नका. पालिकेने २०२२ मध्ये आपला दवाखाना सुरू केले त्यातले काही पोर्टा केबिनमध्ये चालतात, संध्याकाळी पण उघडे. ते होतं तर सैनिकांसाठी का नाही.

गिरणगावकर: केबिन चालेल ताई, ते मान्य. पण कुठल्या ठिकाणी किती मोठं पॉलिक्लिनिक हे तिथल्या माजी सैनिकांच्या संख्येवर ठरतं, ए पासून डी पर्यंत टाइप. मोठं असेल तर स्पेशालिस्ट, छोटं असेल तर एमओ, दातांचा डॉक्टर आणि बाकीचं बाहेर. कागदावर दहिसर-विरार पट्ट्यात माणसं किती दिसतात ते आधी बघा.

दहिसरकर: हा मुद्दा मात्र लागला. बाबांचं पॅरेंट पॉलिक्लिनिक, म्हणजे जिथे नाव नोंदलंय ते, अजून साताराच आहे, दहा वर्षं झाली ते इथे राहतात आणि आम्ही कधी बदललंच नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक वीरपत्नी आजी आहेत, त्यांचंही गावचंच. म्हणजे उपचार इथे आणि मोजणी तिथे. मी या आठवड्यात बाबांचा बदलायचा अर्ज भरतोय. बोरिवली ते विरार ज्यांचे आईवडील अजून गावच्या पॉलिक्लिनिकला आहेत त्यांनी खाली फक्त स्टेशनचं नाव लिहा, अर्ज भरायला मी येईन, रविवारी मोकळा असतो.